गावाच्या नोंदवहीत सापडलेला पक्षाघात : गडचिरोलीच्या ‘सर्च’ची चाळीस वर्षे

पक्षाघातावरचे वैद्यकीय संशोधन म्हटले की मोठे इस्पितळ, सीटी स्कॅनचे यंत्र, मेंदूविकारतज्ज्ञांचा विभाग आणि औषध कंपन्यांच्या चाचण्या आठवतात. ते स्वाभाविकच आहे, कारण या आजाराचे बरेचसे ज्ञान तिथूनच आले आहे. पण महाराष्ट्रात पक्षाघाताविषयी जे सर्वांत अस्वस्थ करणारे निष्कर्ष निघाले, त्यांपैकी एक यातले जवळजवळ काहीही नसलेल्या ठिकाणी निघाला. राज्याच्या पूर्व टोकाला असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत तो हाती आला, आणि तो काढणारी संस्था सुरुवातीची कित्येक वर्षे बाळंतिणी व नवजात अर्भकांच्या कामासाठी ओळखली जात होती. ‘सर्च’ या संस्थेचा इतिहास अनेक अंगांनी लिहिता येईल. या लेखात त्यातला एकच धागा धरला आहे. मेंदूच्या आजारावरचे संशोधन रुग्णालयात सुरू व्हायच्या आधी रुग्ण जिथे मरतो तिथे सुरू व्हायला हवे, आणि तसे ते करता यावे म्हणून संस्थेला पंचवीस वर्षे आधीपासून तयारी करावी लागते, असा माझा दावा आहे. तो गडचिरोलीच्या अनुभवावर तपासून पाहायचा आहे. नाशिकसारख्या जिल्ह्यात, म्हणजे एका बाजूला सुसज्ज शहर आणि दुसऱ्या बाजूला सुरगाणा-पेठचे डोंगर असलेल्या मुलखात, त्याचा काय उपयोग, हेही पाहायचे आहे.

१९८५ ते १९९५ : मोजण्यापासून सुरुवात

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. जंगल, विरळ वस्ती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि गोंड-माडिया समाजाची मोठी लोकसंख्या अशा या नव्या जिल्ह्यात आरोग्यसेवा कागदावर अधिक आणि गावात कमी होती. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघे नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन, वर्ध्याच्या परिसरात ग्रामीण काम करून, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८५ मध्ये त्यांनी ‘सोसायटी फॉर एज्युकेशन, ॲक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. गडचिरोलीतले प्रत्यक्ष काम १९८६ मध्ये सुरू झाले. नावातच शिक्षण, कृती आणि संशोधन हे तिन्ही शब्द एकत्र आहेत. त्या काळी ग्रामीण आरोग्याच्या क्षेत्रात संशोधनाकडे संशयाने पाहिले जाई. उपचारांची वानवा असताना माणसे मोजत बसणे ही चैन आहे, असे मत चांगल्या कार्यकर्त्यांमध्येही होते. हा आक्षेप पुढच्या प्रत्येक दशकात नव्या रूपात पुन्हा आला आहे.

पहिला धडा सिकलसेलने दिला. रक्ताच्या या आनुवंशिक आजाराची तपासणी संस्थेने केली, आजार आढळलाही. पण लोकांच्या मनातल्या दुखण्यांच्या यादीत तो नव्हता आणि त्यावर देण्यासारखा उपायही हाताशी नव्हता. संशोधकाला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आणि गावाला छळणारा प्रश्न एक असेलच असे नाही, हे तिथे पक्के झाले. त्यानंतर वसा आणि अमिर्झा या दोन गावांत स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली हा निबंध आला आणि जगभरच्या सार्वजनिक आरोग्यक्षेत्राला दखल घ्यावी लागली. इथे पद्धतीचा मुद्दा लक्षात घ्यावा. दवाखान्यात आलेल्या स्त्रिया मोजल्या असत्या तर या आजारांचा मोठा भाग दिसलाच नसता. न येणाऱ्यांना मोजले, म्हणून तो दिसला. पक्षाघाताच्या अभ्यासाचे बीज मला या निर्णयात दिसते.

याच काळात मुलांच्या न्यूमोनियावर १०२ गावांत प्रयोग झाला. गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांनी मुलाचा न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायचे, असा तो प्रयोग होता. न्यूमोनिया ओळखायचा तर मुलाचे श्वास मिनिटभर मोजावे लागतात, आणि दाईला आकडे येत नाहीत. तेव्हा संस्थेने एक साधे उपकरण बनवले. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी होत्या. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापलीकडे गेले तर औषध सुरू करायचे. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांतला मृत्युदर ०.८ टक्के आढळला, तर तुलनेच्या गावांत तो १३.५ टक्के होता. निरक्षर दाई विश्वासार्ह वैद्यकीय निरीक्षण करू शकते, हे यातून आकड्यांनी सिद्ध झाले. पुढे पक्षाघाताच्या अभ्यासावर ‘अशिक्षित लोकांच्या सांगण्यावरून निदान कसे करणार’ अशी शंका येते, तेव्हा हा प्रयोग आठवावा.

१९९३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. लोकांच्या दीर्घ आंदोलनानंतर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, आणि धानोरा रस्त्यावर चातगावजवळ संस्थेचा परिसर, शोधग्राम, उभा राहू लागला. तिथल्या दवाखान्याला आदिवासींच्या देवीचे, दंतेश्वरीचे नाव मिळाले. रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांना आपल्या पाड्यात असल्यासारखे वाटावे अशी त्याची बांधणी झाली. पैशांची चणचण, रस्त्यांची अडचण, मनुष्यबळाची ये-जा हे सारे त्या वर्षांत होतेच. मतभेद कोणत्या जिवंत संस्थेत नसतात? पण गावोगावच्या नोंदी ठेवणारी माणसे टिकून राहिली, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तीच संस्थेची खरी कमाई ठरली.

१९९५ ते २००५ : नवजात बाळांसाठी उभारलेली नोंदणी

१९९५ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने पक्षाघाताच्या उपचाराला नवे वळण दिले. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत दिले तर अपंगत्व कमी होते, हे तिने दाखवले, आणि पुढे २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. तज्ज्ञांचे लक्ष त्यानंतर घड्याळावर खिळले, आणि ते योग्यच होते. त्याच वर्षांत गडचिरोलीत मात्र वेगळीच मोजणी चालू होती. १९९३ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरीच नवजात बाळांची काळजी घेतली जात होती आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. या ८६ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला जात असे. सुरुवातीला हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर सेवेच्या गावांत तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्क्यांची होती. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा निबंध छापला, आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली.

या यशाची गोष्ट मराठी वाचकाला माहीत आहे. तिच्याखाली झाकलेल्या नोंदणीची मात्र फारशी नाही. एखाद्या गावात मृत्यू झाला की प्रशिक्षित नोंदणीकार त्या घरी जातो. तो लगेच जात नाही, दुःखाचे दिवस जाऊ देतो. मग अंगणात बसून ठरलेल्या क्रमाने विचारतो. आजार कधी सुरू झाला, हळूहळू की एकदम? हात-पाय गेला का, एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा? तोंड वाकडे झाले का? वाचा गेली का, समजत होते का? आधी रक्तदाबाची गोळी चालू होती का? डोक्याला मार लागला होता का? ताप आला होता का? अशा प्रश्नांची उत्तरे लिहून घेतली जातात, नातेवाइकांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेली हकिकतही टिपली जाते, आणि नंतर डॉक्टर ती वाचून मृत्यूचे कारण ठरवतात. याला मृत्यूनंतरची कारणचौकशी म्हणता येईल. शवविच्छेदन आणि डॉक्टरचा दाखला दोन्ही दुर्मीळ असलेल्या देशात या पद्धतीवर फार मोठी भिस्त आहे. ती करणारा माणूस गावाच्या ओळखीचा असला आणि त्याची नोंद वर्षानुवर्षे तपासली जात असली, तर तिची गुणवत्ता वाढते. त्यासाठी यंत्र लागत नाही, सातत्य लागते.

बालमृत्यूंवरचा २००१ चा ‘कोवळी पानगळ’ हा अहवालही याच मोजणीच्या संस्कृतीतून आला. सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू किती तरी जास्त आहेत, हे त्याने राज्याला दाखवले, आणि विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत खळबळ झाली. याच दशकात, १९९८ मध्ये, नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालये एका विद्यापीठाखाली आली. त्याचा संबंध पुढे येईल.

२००५ ते २०१५ : नोंदवहीने दाखवलेले नवे मरण

मेंदूविकारांवरच्या संशोधनाची महाराष्ट्रातली परंपरा प्रामुख्याने मुंबईची. जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर वाडिया आणि के.ई.एम.मध्ये डॉ. एडी भरुचा यांनी हे शास्त्र रुजवले. डोळ्यांच्या हालचाली मंदावणारा, तोल जाणारा एक आनुवंशिक विकार डॉ. वाडियांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांच्या निरीक्षणातून वेगळा ओळखला. त्याच सुमारास डोळे येण्याच्या साथीनंतर येणाऱ्या पोलिओसारख्या लुळेपणाकडेही त्यांनी वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन १४,०१० लोकांची मेंदूविकारांसाठी पाहणी झाली. म्हणजे रुग्णालयाबाहेर पडायचा विचार मुंबईच्या तज्ज्ञांनाही सुचला होता. पुढे डॉ. प्रफुल्ल दलाल यांच्या गटाने २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईच्या एच वॉर्डात १,५६,८६१ लोकांमध्ये पहिल्यांदाच पक्षाघात झालेल्या ४५६ रुग्णांची नोंद केली. दर लाखामागे वर्षाला १४५ असा तो दर होता. त्यांपैकी सुमारे ८९ टक्के रुग्णांचा सीटी स्कॅन झाला होता, आणि २८ दिवसांच्या आत २९.८ टक्के दगावले. पक्षाघात हा श्रीमंत देशांचा आजार आहे, हा समज या अभ्यासाने खोडला. पण एच वॉर्ड म्हणजे वांद्रे-खारचा भाग. ‘ठीक आहे, शहरात असेल’ असे म्हणायला जागा उरली होती.

ती जागा गडचिरोलीने संपवली. अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे संस्थेत आले, आणि नवजात बाळांसाठी उभारलेल्या नोंदणीकडे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या आजारांच्या दृष्टीने पाहिले. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत त्याच ८६ गावांत, ९४,१५४ लोकसंख्येत, १,५९९ मृत्यू झाले. त्यांतले २२९ पक्षाघाताने झाले. म्हणजे १४.३ टक्के, सातांत एक. मलेरिया, क्षय, न्यूमोनिया, हृदयविकार या सगळ्यांना मागे टाकून पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण ठरले. वयोमानानुसार प्रमाणित केलेला मृत्युदर दर लाखामागे १९१.९ निघाला. मृतांत पुरुषांची आणि स्त्रियांची संख्या जवळजवळ सारखीच होती. यांतले ८७.३ टक्के मृत्यू घरी झाले, तर ४६.३ टक्के आजार सुरू झाल्यापासून महिन्याच्या आत. २०१५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात हा निबंध आला.

मुंबईच्या आणि गडचिरोलीच्या आकड्यांची थेट तुलना करणे बरोबर नाही, कारण एक नव्या रुग्णांचा दर आहे आणि दुसरा मृत्यूंचा. पण दोन आकडे शेजारी ठेवलेच पाहिजेत. मुंबईत दहांतल्या जवळजवळ नऊ रुग्णांच्या मेंदूचे चित्र काढले गेले, आणि गडचिरोलीत पक्षाघाताने दगावलेल्या दहांतल्या जवळजवळ नऊ जणांनी घरी प्राण सोडला. मुंबईच्या रुग्णांचे सरासरी वय ६६, गडचिरोलीत मेलेल्यांचे ६७. वय सारखे, आजार तोच, पण वैद्यकशास्त्राशी असलेले अंतर इतके वेगळे! गडचिरोलीच्या बहुतेक रुग्णांचे मरण रुग्णालयाच्या कोणत्याही नोंदीत येण्यासारखे नव्हते. रुग्णालयाच्या आधारावर संशोधन करणाऱ्याला हा आजार गावात नाहीच असे वाटले असते.

यावर पहिला आक्षेप निदानाचा. स्कॅनशिवाय पक्षाघात म्हणायचे कशाच्या जोरावर? गाठ, मार, जंतुसंसर्ग यांनीही हात-पाय जाऊ शकतो. आक्षेप खरा आहे. मृत्यूनंतरच्या चौकशीतून रक्तस्रावाचा पक्षाघात कोणता आणि गुठळीचा कोणता हे सांगता येत नाही, आणि थोडे मृत्यू चुकीच्या खान्यात पडत असणार. पण जागतिक आरोग्य संघटनेची पक्षाघाताची व्याख्याच मुळात लक्षणांवर आधारलेली आहे. मेंदूच्या एखाद्या भागाचे काम अचानक बंद पडणे, ते चोवीस तासांहून अधिक टिकणे किंवा त्यात मृत्यू येणे, आणि रक्तवाहिनीखेरीज दुसरे कारण न दिसणे. अचानकपणा आणि एकाच बाजूचा लुळेपणा या गोष्टी घरच्या माणसाच्या नजरेतून सुटत नाहीत. तापाने आठवडाभर भ्रमात असलेला माणूस आणि सकाळी शेतावर जाताना एका बाजूने कोसळलेला माणूस यांत घरच्यांची गल्लत होत नाही. शिवाय प्रश्न हा आहे की या माहितीच्या आधारे काय करायचे आहे. गुठळी विरघळवायची असेल तर स्कॅन हवाच. गावात पक्षाघात होऊच नये म्हणून काय करावे हे ठरवायचे असेल, तर दोन्ही प्रकारांतला सर्वांत मोठा धोका एकच आहे, उच्च रक्तदाब. बावीस देशांत झालेल्या २०१० च्या इंटरस्ट्रोक अभ्यासाने पक्षाघाताच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग दहा कारणांनी समजावता येतो असे दाखवले, आणि त्यांत रक्तदाब पहिला होता.

दुसरा आक्षेप असा की गडचिरोली अपवाद आहे. घनदाट जंगल, आदिवासी, नक्षलप्रभावित भाग. तिथल्या आकड्यांवरून ग्रामीण भारताविषयी बोलू नये. पण आंध्र प्रदेशातील गोदावरी खोऱ्यात, म्हणजे सधन, सिंचित, भातपिकाच्या प्रदेशात ४५ गावांत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही मृत्यूंपैकी ३२ टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झालेले आढळले. एकमेकांशी काहीच साम्य नसलेल्या दोन प्रदेशांत एकच दिशा दिसते, तेव्हा अपवादाचा दावा लंगडा पडतो. बालमृत्यू घटले, लोक अधिक जगू लागले आणि मिठाचे, तंबाखूचे, रक्तदाबाचे परिणाम दिसायला लागले. तंबाखूच्या खर्र्याचे व्यसन विदर्भात किती खोल आहे हे तिथल्या कुणालाही विचारावे. संस्थेच्या आधीच्या यशानेच एका अर्थी या नव्या प्रश्नाला जागा करून दिली, असे मला वाटते, आणि ही कबुली संस्थेला कमीपणा आणणारी नाही.

२०१५ ते आज : मोजल्यानंतर काय?

पुढचा अभ्यास जगत असलेल्यांचा झाला. ३९ गावांत, ४५,०५३ लोकांमध्ये, घरोघर शोध घेऊन पक्षाघातातून वाचलेले १७५ जण सापडले, म्हणजे दर लाखामागे ३८८. यांतल्या कितीतरी जणांना दुसरा झटका येऊ नये म्हणून रोज गोळी घ्यायची असते, आणि ती मिळायला शहर लांब आहे. तेव्हा संस्थेने गावांचे गट पाडून नवा प्रयोग हाती घेतला. प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघर रक्तदाब मोजतो, धोका असलेले आणि झटका येऊन गेलेले लोक शोधतो, आणि फिरता दवाखाना गावाजवळ येऊन औषध देतो. कामाची घडी नवजात बाळांच्या प्रयोगातलीच, रुग्ण मात्र आता उतारवयातला.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो आकड्यांसह येतो. घरी आणि समाजात नेलेल्या पक्षाघाताच्या उपाययोजना भारतात तपासल्या गेल्या आहेत, आणि त्या फसल्या आहेत. ‘अटेंड’ चाचणीत देशातील १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. घरच्या माणसाला व्यायाम शिकवून त्याच्याकडूनच पुनर्वसन करून घ्यायचे, अशी योजना होती. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के निघाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या पक्षाघात-चाचणी जाळ्याने ३१ केंद्रांत ४,२९८ रुग्णांवर ‘स्प्रिंट इंडिया’ ही चाचणी केली. रुग्णांना त्यांच्या भाषेत संदेश, दृक्‌श्राव्य फिती आणि माहितीपुस्तिका दिल्या. तीही लाभ दिसत नाही म्हणून मध्येच थांबवावी लागली. वर्षभरात पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू येण्याचे प्रमाण उपायाच्या गटात ५.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ४.९ टक्के होते. मग गावोगाव आरोग्यदूत फिरवण्याचे समर्थन कसे करायचे?

हे निकाल झटकून टाकता येत नाहीत, आणि भारतीय संशोधकांनी ते लपवले नाहीत याचा अभिमान वाटावा. पण ते काय सांगतात हे नीट वाचले पाहिजे. दोन्ही चाचण्यांतले रुग्ण रुग्णालयातून निवडलेले होते. म्हणजे ते आधीच औषधापर्यंत पोचले होते, आणि तुलनेच्या गटालाही चांगल्या केंद्राची सेवा मिळत होती. गडचिरोलीत घरी मरणाऱ्यांपैकी अनेकांना हा पहिला टप्पाच लाभत नाही. दुसरे असे की या चाचण्यांत मुख्यतः शिकवण आणि संदेश होते. गडचिरोलीच्या रचनेत मोजणी आणि गोळी आहे. या दुसऱ्या प्रकाराचा पुरावाही उपलब्ध आहे. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतील ३० ग्रामीण वस्त्यांमध्ये २,६४५ रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोब्रा-बीपीएस’ चाचणीत सरकारी आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन रक्तदाब मोजत, समुपदेशन करत आणि गरज असलेल्यांना डॉक्टरकडे पाठवत. दोन वर्षांनी त्यांच्या गटात वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ५.२ मिलिमीटरने अधिक उतरला. आकडा लहान दिसतो. पण संपूर्ण लोकसंख्येचा रक्तदाब एवढा जरी खाली आला तरी पक्षाघात बऱ्याच प्रमाणात घटतात, हे जगभरच्या अभ्यासांनी दाखवले आहे. फसलेल्या चाचण्यांनी म्हणूनच गडचिरोलीचा मार्ग अधिक नेमका केला, असे मी मानतो. संदेशाने भागत नाही, पट्टा दंडाला बांधावा लागतो आणि गोळी दर महिन्याला पोचवावी लागते.

उरला तो पैशांचा आक्षेप. गावांत मोजणी करण्यापेक्षा प्रत्येक जिल्ह्यात पक्षाघात कक्ष का काढू नयेत? काढावेतच. पण साडेचार तासांचे गणित नकाशावर मांडून पाहावे. गडचिरोली ते नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. भामरागडचा माणूस आधी गडचिरोलीलाच पोचायला दीडशे किलोमीटरहून अधिक येतो. नाशिक जिल्ह्यातही हेच आहे, फक्त अंतरे लहान आहेत. नाशिक शहरात आज मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, सीटी-एमआरआय आहेत, गुठळी विरघळवण्याचा उपचार होतो. पण सुरगाणा शहरापासून नव्वदच्या आसपास किलोमीटर, पेठहून सावळघाट उतरून-चढून यायचे, आणि पाड्यावरून तालुक्याला येण्यासाठी आधी गाडी मिळायला हवी. झटका पहाटे झोपेत आला तर सुरुवातीची वेळच कळत नाही. अशा रुग्णासाठी शहरातला उत्तम कक्षही बहुतेक वेळा उशिराचा ठरतो. कक्ष आणि गावातली रक्तदाब मोजणी यांत निवड करायची नाही. एकाचा लाभ तासाभराच्या अंतरात राहणाऱ्याला आहे, दुसऱ्याचा सगळ्यांना. नाशिकच्या आदिवासी तालुक्यांत किती लोक पक्षाघाताने घरी मरतात, हे सांगणारी गडचिरोलीसारखी नोंदवही असायला हवी. राज्याच्या बहुतेक डॉक्टरांना पदवी देणारे विद्यापीठ याच जिल्ह्यात म्हसरूळला आहे, आणि त्यांतले कितीतरी पदवीधर बंधपत्रित सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत जातात. मृत्यूचे कारण शोधण्याची चौकशी कशी करायची, हे त्यांना पदवीच्या काळातच शिकवले तर राज्यात अशा नोंदवह्यांची सुरुवात होऊ शकते.

संस्थेची अलीकडची इतर कामे याच प्रश्नाशी जोडलेली आहेत. २०१६ पासून राज्य सरकारच्या सहभागाने चाललेले ‘मुक्तिपथ’ हे दारू आणि तंबाखू कमी करण्याचे अभियान पक्षाघाताच्या मुळावरच घाव घालते. आदिवासींच्या आरोग्यावरील राष्ट्रीय तज्ज्ञ समितीने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली ऑगस्ट २०१८ मध्ये अहवाल दिला. जुन्या संसर्गजन्य आजारांवर नव्या जुनाट आजारांचा भार कसा चढला आहे, हे तो राष्ट्रीय पातळीवर मांडतो. २००६ पासूनचा ‘निर्माण’ हा युवा उपक्रम तरुण डॉक्टरांना गावाकडे वळवतो, आणि डॉ. राणी बंग यांचे ‘तारुण्यभान’ किशोरवयीन मुलामुलींपर्यंत पोचते. या साऱ्यामागे संस्थापकांबरोबरच गावोगावचे आरोग्यदूत, दाया, नोंदणीकार, वाहनचालक, दवाखान्यातल्या परिचारिका आणि शोधग्रामच्या स्वयंपाकघरापासून संगणक कक्षापर्यंतची माणसे आहेत. ‘स्ट्रोक’मधल्या निबंधावर मोजकी नावे आहेत, त्यातल्या १,५९९ मृत्यूंच्या नोंदी मात्र अंगणात बसून प्रश्न विचारणाऱ्यांनी केल्या.

सरकारी व्यवस्थेतही आता तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब तपासण्याचे धोरण आहे, आशा कार्यकर्ती त्यासाठी घरोघर फॉर्म भरते, आणि गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रांवर औषधे मिळायची सोय आहे. धोरण चांगले आहे. गडचिरोलीच्या पद्धतीने पाहिले तर त्यात दोन नोंदी वाढवाव्या लागतील. एक, फॉर्म भरलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब सहा महिन्यांनी आटोक्यात आला. दुसरी, त्या केंद्राच्या हद्दीत वर्षभरात पक्षाघाताने किती माणसे घरी वारली. सुरगाण्यातल्या एखाद्या केंद्राने या दोन नोंदी पुढची पाच वर्षे सलग ठेवल्या, तर तिथे गोळ्यांचा साठा दर महिन्याला पुरतो की मधेच संपतो, हे नाशिकच्या जिल्हा परिषदेला सांगण्यासाठी वेगळे सर्वेक्षण करावे लागणार नाही.